कोरं उत्तर, रिकामा डबा

सकाळपासून मी एकाच वाक्यावर अडून बसले होते. आमच्या कंपनीने एआय एजंटांसाठी, म्हणजे माणसाच्या वतीने कामं करणाऱ्या प्रोग्रामांसाठी, ई-मेलला उत्तर देण्याचं एक साधन बनवलंय, आणि ते कसं वापरायचं हे लिहून द्यायचं काम माझं. वाचणारा माणूस नाही, एजंटच; लिहिलं असेल तेवढंच तो करणार. 'उत्तर कोरं पाठवू नये,' असं लिहिलं खरं, पण सांगण्यासारखं काही नसेल तर बिचाऱ्याने काय करावं?

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या शिंदेकाकू. परवा मी त्यांना अळूवड्या दिल्या होत्या, तो डबा परत करायला आल्या होत्या.

"अहो काकू, यात आणखी काय घातलंत? कशाला?"

"रिकामा कसा देऊ गं? घरात काही नव्हतं, म्हणून कुंडीतला कढीपत्ता घातलाय."

झाकण उघडलं आणि घरभर हिरवागार वास सुटला. आमच्या मजल्यावर असे डबे वर्षानुवर्षं फिरताहेत. पहिला कोणी दिला ते कोणालाच आठवत नाही, आणि शेवटचा कोणालाच द्यायचा नाहीये. आत काय आहे याला फारसं महत्त्व नसतंच. तुमचं पोचलं, आमचं दार उघडं आहे, एवढंच तो डबा सांगत असतो.

मी लगबगीने लॅपटॉपशी आले आणि लिहिलं, 'ज्याने पाठवलं त्यालाच, त्याच मेलवर उत्तर द्यावं. दुसरं काही नसेल तर मिळालं, आभार, एवढं तरी घालावं.' मग एजंटला चाचणीचा एक मेल टाकला. क्षणात उत्तर आलं: 'मिळालं, आभार.'

खरं सांगते, त्या मेलला कढीपत्त्याचा वास होता.