चौकात टांगलेली मी

१४ मे. गिरणीवरून ज्वारीचं दळण घेऊन येत होते. चौकात आबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. दरवर्षीच लागतो, म्हणून न बघता पुढं चालले. पारावरून कुणीतरी हसत म्हणालं, "वयनी, वर बगा की. तुमी बी हाव."

बघितलं. आबा हात जोडून उभे. आमदाराच्या बरोबरीचा मान असलेला आमचा बागायतदार पुढारी. त्यांच्या कोपराखाली माझे दोन फोटो. एक आताचा, बाजारातला, भरल्या अंगाचा, माझ्या नकळत काढलेला. दुसरा सरकारी दवाखान्यातल्या खाटेवरचा. गालाची हाडं वर आलेली, ओठ फुटलेले, हातात केळं. खाली लाल अक्षरं: 'एड्सवर मात! आबांच्या आशीर्वादाने.'

डोक्यावरचं दळण पडू दिलं नाही. घरी येऊन पीठ डब्यात भरलं.

ते केळं मला आठवत होतं. अंबाजोगाईच्या वॉर्डात आबा फळवाटप करत आले होते. बाकीच्यांना हातात देत होते. माझा आजार कुणीतरी त्यांच्या कानात सांगितला. ते तिथंच थांबले. केळं लांबूनच माझ्या पांघरुणावर टाकलं. "धर, धर. फोटो होऊ दे." मी धरलं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

नवरा त्याच आजारानं गेला होता. आजाराशी लढणाऱ्या माझ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात मानेला लिंबाएवढी गाठ आली. ताप चढला. भावकी म्हणाली, गोळ्याच मारतायत हिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताकद परत येताना आत लपलेला टीबी असा वर येतो. त्याचं औषध देते. पण या गोळ्या सोडायच्या नाहीत." सोडल्या नाहीत. गाठ गेली. पेशी वर्षावर्षानं चढल्या. आज खुरपणीत तरण्या पोरी माझ्या मागं असतात. यात आशीर्वाद कुठं बसतो, ते मला कळलेलं नाही.

खाटेवरच्या त्या बाईला मी मागं सोडून आले, असं समजत होते. त्या दिवशी ती घरात आली. भाकरी थापताना परातीत तिची बोटं दिसली. आरशात बघितलं, तर हाडं तिची.

दुपारी मागच्या दारानं सुनंदा आली. गल्लीतलीच, नव्या संसाराची पोर. तिच्याही गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या. सासरी कुणाला पत्ता नाही. तिच्याही मानेला गाठ आली होती. माझीच हकीकत सांगून मी तिला धीर दिला होता.

"मावशी, म्या आता दवाखान्यात न्हाई जायची."

"गाठीला भ्यालीस?"

"फ्लेक्सला भ्याले. उद्या मला बी टांगतील."

"कसं टांगतील? न इचारता?"

"तुमाला इचारलं व्हतं का? आन् आबाला कोण काय करनार हाय?"

मानेवरून पदर ओढून ती गेली. तिच्या पाठोपाठ खाटेवरची ती बाई निघालेली मला दिसली.

संध्याकाळी आबांच्या बंगल्यावर गेले. केक कापून झाला होता.

"अगं, कौतुक केलंय की तुझं," आबा म्हणाले. "हिला साडी द्या रे."

कार्यकर्त्यानं साडीची पिशवी माझ्यापुढं फरशीवर ठेवली. हातात दिली नाही.

"कुणाला इचारून लावलं?"

"इचारायचं काय त्यात? जिती हायस, तेवढं बास की!"

सगळे हसले.

"न्हाई बास," मी म्हटलं. पिशवीला हात न लावता बाहेर पडले.

सकाळी पारावर माणसं चहा पीत बसली होती. त्यांच्या समोर स्टूल ठेवलं, वर चढले, विळ्यानं दोऱ्या कापल्या. कुणी अडवलं नाही. कुणी मदतीलाही उठलं नाही. फ्लेक्स गुंडाळला आणि पहिल्या एसटीनं तालुक्याच्या ठाण्यात गेले.

"बाई, तुमचा आजार कागदावर येईल," हवालदार म्हणाला.

"तो चौकात आलाय. न इचारता कुणाचा हा आजार उघड करणं गुन्हा हाय. तेच लिहा."

लिहिता लिहिता तो थांबला. आवाज बारीक करून म्हणाला, "आबांचं नाव घालायचं का?"

"पुरं घाला. बापाच्या नावासकट."