खंडेनवमीला बंद केलेला नायट्रोजन

माझा स्वभाव तापट आहे, हे घरात कुणाला सांगावं लागत नाही. पीएच.डी.साठी मी निवडलेलं संयुग कसं आहे हे ऐकल्यावर आई म्हणाली, "बरोबर, तुझ्यासारखंच!" सिलिकॉनला एरवी चार हात असतात आणि चारही गुंतलेले असतात. माझ्या संयुगात त्याचे दोनच गुंतलेले होते. त्यामुळे हवेत आला रे आला की ऑक्सिजन असो नाहीतर पाण्याची वाफ, समोर येईल त्याला तो धरायचा. मग चंबूत उरायची पांढरी भुकटी, वाळूचीच बहीण.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात आठ महिने खपल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, पहिल्यांदा पिवळे स्फटिक दिसायला लागले. देवाशप्पथ, मी नाचले होते! द्रावक सावकाश उडावं आणि आत हवा शिरू नये, म्हणून चंबूतून नायट्रोजनची बारीक धार रात्रंदिवस सोडलेली असायची. स्फटिकातल्या रेणूची रचना बघायला दसऱ्यानंतर लगेच पुण्याला क्ष-किरणांच्या यंत्रावर माझा नंबर होता.

प्रयोगशाळेत एक मामा होते. काचसामान धुणं, भट्टीत वाळवणं, सिलिंडर बदलणं त्यांच्याकडे. कंत्राटी माणूस. कंत्राट दर दिवाळीनंतर नवं व्हायचं, तेही माझ्या मार्गदर्शक सरांच्या सहीवर, आणि घरात कमावते ते एकटेच.

सातपूरच्या कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तशी मामा आमच्याकडे करायचे. पंपाला हळदकुंकू, सिलिंडरला झेंडूची माळ, तराजूपुढेसुद्धा दोन फुलं. पूजा झाली की यंत्राला हात लावायचा नाही, त्यालाही वर्षातून एकदा विसावा हवा, असं त्यांचं म्हणणं. मला गावी जायला देवळ्याची एसटी गाठायची होती आणि तोंडात पेढा होता. "ताई, समदं बंद करू ना?" त्यांनी विचारलं. "हो हो, करा सगळं," मी म्हणाले आणि पळाले.

दसरा करून परत आले तर चंबूत पांढरी भुकटी. नायट्रोजनचा सिलिंडर घट्ट बंद, माळ मात्र व्यवस्थित. माझं डोकंच फिरलं.

"अहो मामा, अक्कल गहाण ठेवली होती का? तीन वर्षं इथे आहात ना तुम्ही!"

वडिलांच्या वयाच्या माणसाला मी हे बोलले, प्रयोगशाळेतल्या दोन पोरींच्या देखत. अजून आठवलं की लाज वाटते. मामा हात पुसत म्हणाले, "त्यालाबी विसावा द्यावा म्हनलं, ताई. चुकलं."

तेवढ्यात सर आले. चंबू उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "सिलिंडर कोणी बंद केला?"

तेव्हा मला माझं 'हो हो' आठवलं. त्याआधी नाही, अगदी तेव्हाच. मामा माझ्याकडे बघत होते. त्यांनाही ते आठवत असणार.

"मामांनी," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. दिवाळीनंतर सरांनी सही केली नाही. मामा सगळ्यांचा निरोप घेऊन गेले. मला म्हणाले, "ताई, लवकर डॉक्टर व्हा." मी भट्टीतली काच काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

संयुग मी पुन्हा केलं. या वेळी पाच महिने लागले. पुण्याहून रचना आली, अगदी कागदावर मांडली होती तशीच. नायट्रोजनखाली ते वर्षभर जसंच्या तसं टिकलं, एवढं की सरांनी पेढे वाटले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधातलं स्थिरतेचं प्रकरण उघडलं. "पहिला नमुना का बिघडला?"

"नायट्रोजनचा पुरवठा खंडित झाला, सर."

"कशामुळे?"

"माणसाच्या चुकीमुळे."

त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं. कोणत्या माणसाच्या, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.