विनोदिनीबाईंची भाषा

विनोदिनीबाईंच्या डोक्यातली गाठ डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला चिकटून होती. डॉक्टर त्यांना ऑपरेशनच्या मधोमध जागं करून चित्रं दाखवणार होते. मेंदूच्या एकेका भागाला बारीक करंट लावायचा; नाव सांगताना जीभ अडली, की तेवढा भाग कापायचा नाही. मेंदूला स्वतःला दुखत नाही, वरची कातडी तेवढी बधिर करतात. एवढं कळायला बाईंना किती चकरा पडल्या. डॉक्टर सांगायचे त्यांच्या यजमानांना, आणि श्रीपादराव घरी येऊन म्हणायचे, "तू काहून डोकं लावून राहिली? देवावर सोड."

देवावर त्यांनी केव्हाच सोडलं होतं. देव त्याचं पाहून घेईल. डॉक्टर काय करणार, ते तर कळायला हवं.

आज चित्रांचा सराव होता. दीक्षा नावाची, बोलणं तपासणारी मुलगी हिंदीतून विचारत होती. उखळ, चाळणी, कासव. बाई दरवेळी थबकल्या.

"आंटी, बोली पर असर आ गया है," दीक्षा हळहळली.

"काही असर नाही आला," बाई चिडल्या आणि तीच चित्रं पुन्हा ओढून मराठीत भराभर नावं सांगून मोकळ्या झाल्या. मग मुलाकडे वळल्या. "अभिनव, हिंदी कोणी सांगितली यांना?"

अभिनवनेच सांगितली होती. रायपुरातल्या मराठी घरांची ही खोडच. बाहेर कोणी भाषा विचारली की तोंडातून हिंदीच निघते.

"क्या फर्क पड़ता है, मम्मी?"

"तुले नाही पडत, मले पडते. हिंदीची जागा वाचवली अन् मराठीची कापली, तर देवापुढे सदर बाजारातली भाषा बोलू काय?"

दीक्षा आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली. म्हणणं बरोबर होतं; दोन्ही भाषा तपासाव्या लागतील. पण तिला मराठी येत नव्हती. ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या खोलीत बसून, स्पीकरवर ऐकून, उत्तर बरोबर की चूक, हे सांगणारं घरचं माणूस हवं. श्रीपादरावांना ऑपरेशनच्या नावानेच घेरी येते. उरला अभिनव.

घरी येताच बाईंनी त्याला चित्रं देऊन पुढ्यात बसवलं.

"हे काय?"

"कछुआ."

"मराठीत."

"पता है मम्मी, बस मुँह में नहीं आ रहा."

बाईंनी कपाळावर हात मारला. "गाठ माह्या डोक्यात, अन् अडखळून तू राहिला," म्हणत त्यांनी पुढचं चित्र समोर सरकवलं.