कुणी राहिलं का?

तिला डेपोत सगळे कंडक्टरबाई म्हणायचे. बसमधलं काम सोडून वर्षं लोटली होती, गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, पण नाव काही सुटलं नाही. आणि सुटावं तरी का? तिकिटं फाडता फाडता माणसं मोजायला शिकलेली ही बाई आता डेपोच्या मागच्या खोलीत चार-पाच वर्षांच्या पोरांना मोजायला शिकवत होती. खोली कसली, भंगाराचं कोठार होतं ते. तिनेच भांडून मिळवलं, तिनेच धुऊन काढलं, मोडीत निघालेल्या बसच्या सीटा आणून दोन रांगांत मांडल्या आणि छताला एक दोरी बांधून टोकाला घंटा लटकवली. झाली बालवाडी!

तिच्या वर्गाचा एकच कायदा. गाडी सोडायची डबल घंटा, म्हणजे दोरी दोनदा ओढायच्या आधी, मागे वळून विचारायचं, "कुणी राहिलं का?" पोरांनी एका सीटवर एक बसायचं. सीट उरली तर माणूस कमी, माणूस उभा राहिला तर सीट कमी. पोरं हे असं ओरडून सांगायची, की शेजारच्या वर्कशॉपातले मिस्त्री हातोडे खाली ठेवायचे.

एकदा दोघांची जुंपली. एकाने आपले बोल्ट फरशीवर लांबलचक पसरून ठेवले आणि म्हणाला, "माझे जास्त!" दुसऱ्याचे एकमेकांना चिकटून मांडलेले होते, तो रडकुंडीला आला. बाईने निकाल दिलाच नाही. नटांचा डबा आपटला समोर. "लावा एकाला एक. ज्याचा बोल्ट नटाशिवाय राहील, त्याने माझ्याकडे यायचं." दोघंही घामाघूम होऊन लावत सुटले. डब्यात एकही नट उरला नाही, एकही बोल्ट उघडा राहिला नाही. मग एकाच्या ओळीतला एकेक बोल्ट दुसऱ्याच्या एकेका बोल्टासमोर मांडून पाहिला, आणि दोघं एकदमच किंचाळले, "सारखे! सारखेच आहेत!" बाईने अशी उडी मारली, की गुडघ्यांचं दुखणं विसरली.

याच वर्गात ब्रेकमिस्त्रीची मुलगी होती. वर्कशॉपातल्यांनी तिचं नाव ठेवलं होतं वायसर. नट आणि बोल्ट यांच्यामध्ये ती चपटी चकती असते ना, आवाज न करता बसणारी, तीच. पोरगी बोलायचीच नाही. घरात आईशी दोन शब्द, बापाशी एखादा, बाहेर तोंडाला कुलूप. पण बाईने तिला पाहिलं होतं: डब्यातले वायसर आकाराने वेगळे करताना, लाल-पिवळी-लाल-पिवळी तिकिटं ओळीत लावताना, आणि पुढे काय येणार ते कुणी विचारायच्या आत ठेवून मोकळी होताना.

आणि आता तिलाच मोठ्या शाळेत पहिलीला घालायचं होतं. शाळेचं म्हणणं, मूल शंभरपर्यंत म्हणून दाखवेल तरच पहिली. नाहीतर अजून एक वर्ष मागे, 'कच्चं मूल' असा शिक्का मारून. पोरीला शाळेत न्यायच्या सकाळी ब्रेकमिस्त्री बाईकडे आला, तेव्हा त्याच्या हातावरचं ग्रीससुद्धा पुसलेलं नव्हतं.

"ताई, तुम्ही चला की बरोबर. माझी पोरगी ढ आहे का हो?"

"ढ?" बाईचं पित्तच खवळलं. "पुन्हा म्हणालास तर तुझेच ब्रेक फेल करीन. चल!"

शाळेच्या मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत दिवा लागत नव्हता. छतातल्या तारा लोंबत होत्या, आणि भिंतीजवळच्या उंच कपाटाआडून शिडीचे दोन पाय तेवढे दिसत होते. टेबलामागे मोठ्या बाई, दोन बाजूंना दोन शिक्षिका. समोर मिस्त्री, कंडक्टरबाई आणि खुर्चीच्या कडेवर टेकलेली वायसर.

"म्हण बाळा, एकपासून," मोठ्या बाई मायेनेच म्हणाल्या.

वायसरने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"बरं, दहापर्यंत?"

अंगठा.

"येत नाही का?"

मिस्त्रीची मान खाली गेली. कंडक्टरबाईच्या तोंडाचा पट्टा मात्र सुटलाच. "बाई, माझ्या बसमध्ये एक माणूस होता, शंभरपर्यंत फाडफाड म्हणायचा, आणि पाच नाणी काढ म्हटलं की न मोजता ओंजळभर पुढे करायचा! म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं. पोपटाची परीक्षा घेताय की पोरीची?"

एका शिक्षिकेने नाक मुरडलं. मोठ्या बाईंनी मात्र चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. मोजता येतं म्हणताय ना? दाखवा. तिला एक शब्दही बोलायला लावू नका, पण दाखवा."

आता आली का पंचाईत! कंडक्टरबाईच्या जवळ ना बोल्ट होते ना सीटा. खोलीत फाईली, नकाशे आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. माठाशेजारी स्टीलच्या पेल्यांची चळत आणि एक ट्रे. बाईचे डोळे चमकले. ती वायसरच्या समोर उकिडवी बसली, गुडघे कुरकुरले, आणि वर्गातल्याच आवाजात म्हणाली, "गाडी भरली ग. उन्हाचे दिवस. पाणी द्यायचंय सगळ्यांना. एकाला एक."

वायसर उठली. माठाकडे जाण्याआधी तिने खोलीभर नजर फिरवली. सावकाश, एकेका चेहऱ्यावर थांबत. मग मागे वळून पाहिलं, परत पुढे पाहिलं. माठ गाठला. पेले ट्रेमध्ये ठेवताना खण्ण-खण्ण वाजत होते, आणि बाई मनात मोजत होती: एक, दोन, तीन... चार, पाच, सहा. थांब, आता थांब! आणि वायसरने सातवा उचलला.

"सात," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी बोट फिरवलं: "मी, या दोघी, तुम्ही, वडील आणि ही. सहा."

कंडक्टरबाईनेही मोजलं. सहाच. दोनदा मोजलं, तरी सहाच! वर्षभर जिच्यासाठी जीव टाकला, जिच्यावर पैज लावून इथवर आली, ती नेमकी आज चुकली? मिस्त्रीने तर डोळेच मिटून घेतले होते.

वायसरला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पेले भरून ट्रे सावरत आली. मोठ्या बाईंना एक. नाक मुरडणाऱ्या शिक्षिकेला एक, दुसरीला एक. बाबाला एक, बाईला एक. एक आपल्या खुर्चीवर. ट्रेमध्ये एक पेला उरला.

"बघा, उरलाच की नाही," नाक मुरडणारी पुटपुटली.

वायसरने ट्रे खाली ठेवला. उरलेला पेला दोन्ही हातांत धरला, आणि ती कपाटाकडे निघाली. कपाटाच्या आड गेली. चवड्यांवर उभं राहून तिने पेला उंच धरला असावा, कारण वरून एक धुळीने माखलेला हात खाली आला आणि आवाज आला:

"अगं पोरी, मलापण? केव्हाचा घसा कोरडा पडलाय, इथे कुणी विचारेल तर शपथ!"

वायरमन! शिडीवर चढून तारा जोडत बसलेला, खोलीतल्या साऱ्यांच्या गणतीतून निसटलेला वायरमन!

कंडक्टरबाई अशी हसत सुटली, की तिच्या पेल्यातलं पाणी साडीवर सांडलं. "मेले मी! आयुष्यभर प्रवासी मोजले, आणि आज एक माणूस वरच ठेवून डबल घंटा देत होते! माझाच हिशेब चुकला, बाई, तिचा नाही!"

मोठ्या बाई उठून कपाटाआड डोकावल्या. "अरे, तू सकाळपासून इथेच आहेस?"

"तुम्हीच तर बोलावलंत, बाई," वायरमन वरून म्हणाला, पाणी पिता पिता.

मोठ्या बाई परत खुर्चीवर बसल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते, पण डोळे हसत होते. "शंभर पुढच्या वर्षी म्हणेल ती, किंवा त्याच्या पुढच्या वर्षी. शाळा उघडली की पहिलीत पाठवा. पुढच्या बाकावर बसवीन."

"पुढच्या नको," कंडक्टरबाई म्हणाली. "मागच्या बाकावर बसवा. तिथून सगळे दिसतात."

मिस्त्रीने ग्रीसचा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला, मग भानावर येऊन काढून घेतला, आणि तिच्या केसांवर पाच काळे ठसे उमटलेले पाहून सगळे पुन्हा हसले. तेवढ्यात कपाटाआडून खटका पडला आणि खोलीत लख्ख उजेड झाला.

निघायला सगळे उठले. दारापाशी वायसर थांबली. तिने मागे वळून खोलीभर पाहिलं. शिडीवरून उतरलेल्या वायरमनकडेही पाहिलं, तो पेला माठाजवळ ठेवत होता. मग हात उंच करून तिने हवेतली दोरी ओढली. दोनदा.

"ऐकलंत?" कंडक्टरबाई मोठ्या बाईंना म्हणाली. "चला, गाडी सुटली!"