आणणाऱ्यानं आधी उतरायचं

ज्या साली ह्यांचं उजवं अंग वाऱ्यानं गेलं, त्या साली मी देवाशी बोलणं टाकलं. वणीच्या गडावर जाऊन झालं होतं, काढे झाले, तेलं झाली, मोठ्या डॉक्टरांनीही हात टेकले. द्वारका चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत मी ह्यांना उठवायची, न्हाऊ घालायची, भरवायची, आणि वर तोंडाचा पट्टा चालूच. फटकळपणा माझ्या जन्माचाच. रडू मात्र एकदाही आलं नाही. शेजारणी म्हणायच्या, बाई खंबीर आहे हो. कसली खंबीर! आतून पार दगड झाले होते.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. ह्यांच्या पेठच्या एका मित्रानं सांगितलं, की सुरगाण्याच्या पलीकडे डोंगरात ऊन पाण्याचा झरा आहे, देवीचं ठाणं आहे, तिथं न्हालं की लुळी पडलेली माणसं उठतात. ह्यांनी मानेनंच नको म्हटलं. मी म्हटलं, इतके दिवस डॉक्टरांचं ऐकलंत, आता माझं ऐका. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय. देवीकडे एकच मागायचं ठरवलं होतं, ह्यांचा उजवा हात उचलू दे. त्या हातानं त्यांनी जन्मभर शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं.

सुरगाण्यापर्यंत एसटी, पुढं बैलगाडी. जंगल सरकारनं राखलेलं, त्यामुळं नाक्यावर गाडी अडवली. पुढची वाट पायी. वाघराच्या भीतीनं गाडीवान बैल सोडून यायला तयार होईना. मग मीच ह्यांचा हात गळ्यात घेतला आणि निघाले. उतारावर पाय घसरला आणि दोघंही धुळीत बसलो. ह्यांना उठवायचं बळ काही माझ्यात उरलं नव्हतं. तिथं बसून मी देवीला मनातल्या मनात जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात खालून मोळी घेऊन तिथल्या कोकणी जमातीची एक आदिवासी बाई वर आली. माझ्याच वयाची, काटक. तिनं मोळी टाकली, ह्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि ह्यांना सरळ पाठुंगळी घेतलं. ह्यांचा उरला होता तरी सापळाच. परक्या बाईच्या पाठीवर हे लाजून चूर, आणि मी मागून पिशवी सांभाळत चाललेली.

कुंड लहानसंच होतं, वाफाळणारं, काठाला शेंदूर लावलेला दगड. मी ह्यांच्या सदऱ्याची बटणं सोडायला लागले, तशी तिनं माझा हात धरला.

“आमच्यात आणणारा आधी उतरतो, बाय. आजारी मंग.”

मी म्हटलं, अगं, मला काय धाड भरलीय? आजारी हे आहेत. पण ती हात सोडेना. तिच्याशी वाद घालण्यात दिवस जायचा, म्हणून लुगड्यासकट उतरले. तिनं ह्यांना काठावर नीट टेकवून बसवलं, डाव्या हातात करवंटी दिली आणि माझ्यावर पाणी घालायला सांगितलं. तीही त्यांची रीतच. निम्मं पाणी बाहेर सांडलं. पुन्हा घातलं. वर्षभर मी ह्यांना न्हाऊ घालत होते; माझ्या डोक्यावर कुणी पाणी घातल्याला किती काळ लोटला होता!

“दमलीस गं,” हे म्हणाले. जिभेला नीट वळत नव्हतं, पण मला कळलं.

मग मात्र बांध फुटला. ऊर फुटेस्तोवर रडले, लहान पोरीसारखी. हे पाणी घालत राहिले.

मग दोघींनी मिळून ह्यांना न्हाऊ घातलं. तिनं ह्यांना पुन्हा पाठीवर घेऊन नाक्यापर्यंत पोचवलं, माझ्याकडून चिमूटभर तंबाखू मागून घेतली आणि मोळीकडे परत गेली. ती देवीच होती का, असं लोक विचारतात. मला ठाऊक नाही.

ह्यांचं उजवं अंग काही उठलं नाही. पुढची दिवाळी ह्यांनी पाहिली नाही. एवढं करून काय मिळालं, असं जाऊबाईंनी तोंडावर विचारलं. पण त्या उरलेल्या महिन्यांत मी ह्यांच्याजवळ बसून बोलायची, रडायचीसुद्धा, आणि हे डाव्या हातानं माझं डोकं थोपटायचे. संसारात त्यांना कधी फुरसत झाली नव्हती ती तेव्हा झाली.

मागणं आपल्याकडे, द्यायचं काय ते देवीकडे. आई, मी तुझ्याकडे ह्यांचा उजवा हात मागितला. तू डावा माझ्या डोक्यावर ठेवलास.