बाभळीवरची रेघ

"मला काय विचारता, लाकडाला विचारा," असं थोरले सुतार येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मग लाकडाला विचारायचं कामही स्वतःच करीत. हत्यार एकच, उजव्या अंगठ्याचं नख. फळीच्या टोकाशी ते दाबून ओढायचं आणि फळी उजेडात तिरपी धरायची. आंब्यात नख साबणात रुतावं तसं रुते. सागावर पुसट रेघ उमटे, तीही उपकार केल्यासारखी. बाभूळ मात्र नखाला आल्या वाटेने परत पाठवी. चाळीस वर्षं दुकान या नखाच्या शब्दावर चाललं.

यंदा शाळेच्या जिन्याला बाभळीच्या पायऱ्या करायच्या होत्या. फळ्यांवर रेघ उमटली म्हणून सुतारांनी वखारवाल्याची पहिली गाडी परत पाठवली. दुसरीही पाठवली.

"हल्ली झाडांनाच घाई," ते म्हणाले. "पोटात काही धरायच्या आतच वाढतात."

वखारवाल्याचा निरोप आला. तिसरी गाडी परत आली तर या दुकानाला काडीसुद्धा मिळणार नाही. गावात वखार ती एकच.

तिसरी गाडी आली. नख ओढलं गेलं. रेघ उमटली.

"वहिनी, आता झाडालाच बोलावून आणू का?" दुकानातला पॉलिशवाला सुतारांच्या सुनेला म्हणाला.

रंधा धरायला ती सासऱ्यांकडूनच शिकली होती आणि गप्प राहायलाही. शाळेतून उखडून आणलेली जुनी पायरी तिने नव्या फळीशेजारी ठेवली. वीस वर्षांपूर्वी ती बाभूळ थोरल्या सुतारांनीच पसंत केली होती. बेअरिंगमधली लोखंडी गोळी तिने स्टुलाच्या उंचीवरून दोन्हींवर सोडली. दोन्हीकडे खळगा तेवढाच पडला.

"गोळीला काय कळतंय," सुतार म्हणाले.

"मग बाबा, या जुन्या पायरीवर तुम्ही नख ओढा."

त्यांनी ओढलं. स्वच्छ, सरळ रेघ उमटली.

"आता मी ओढते." तिने त्याच रेघेशेजारी नख दाबलं. काहीच उमटलं नाही.

सुतारांनी आपला अंगठा उजेडात धरला. नख पिवळं पडलं होतं, शिंगासारखं जाड झालं होतं आणि वाकायचं विसरलं होतं. तीन गाड्यांत मऊ असं काही नव्हतंच. बराच वेळ ते बघत राहिले, जणू ते नख दुसऱ्याच कुणाचं होतं.

"तुझा हात दाखव," ते म्हणाले. सुनेने हात पुढे केला. त्यांनी तिचा अंगठा दोन बोटांत धरून हलकेच दाबला आणि नख कितपत लवतं ते पाहिलं.

"यापुढे फळ्या तू बघायच्या."

"आणि वखारवाला?"

"त्याला मीच सांगतो, लाकूड चांगलं होतं म्हणून. माझी चूक तुझ्या तोंडून ऐकायला त्याला फार गोड लागेल."

त्यांनी अंगावरचा भुसा झटकला, चपला पायात सरकवल्या आणि ते वखारीच्या रस्त्याला लागले. नेहमीच्याच चालीने, ना हळू ना भरभर. पॉलिशवाला हातातला बोळा वाळेपर्यंत बघत राहिला. सून दारात उभी होती, आणि ते वळणाआड गेल्यावरही तशीच उभी राहिली.