बेटावरून आणलेले दात

सहा दिवस बेटावर राहून माणूस किती बदलतो हे बघायचं असेल तर बत्तीशीवाल्यांकडे बघावं. नाकाची साल निघालेली, मान काळवंडलेली आणि चेहऱ्यावर असा भाव, की शहराने आधी आपली माफी मागावी आणि मगच बोलायला यावं.

गल्लीत त्यांना बत्तीशीवाले म्हणतात, कारण एकतीस वर्षं ते कवळ्या करतात. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात. हे त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात, वर मेण चढवून दात लावतात, आणि पेशंटच्या तोंडात ते जमले की मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून पक्के करतात. तळमजल्यावर दोन खोल्या, पॉलिशचं मशीन, स्पिरिटचा दिवा, आणि फळीवर रांगेने मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे. एवढ्यावर संसार झाला आणि बराही झाला.

बेटाचं बुकिंग मेहुण्याने करून दिलं होतं. फुकट होतं म्हणून बायकोला घेऊन गेले आणि मतं घेऊन आले. माणसाला दोन सदरे पुरतात. वर्तमानपत्र हा आजार आहे. दाराला बेल कशाला? जिन्यात वरच्या मजल्यावरच्या पेन्शनरांनी “कसा झाला प्रवास?” विचारलं, तर हे त्यांच्या पायातल्या मोज्यांकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

“इथे माणसं जगत नाहीत, ढकलली जातात,” घरात पाऊल टाकताच ते बायकोला म्हणाले.

“बरं. ती बॅग तेवढी आत ढकला,” बायको म्हणाली. “आणि टीव्ही लागत नाही म्हणून चौथ्या दिवशी मॅनेजरशी कोण भांडलं होतं?”

“तो मुद्दा वेगळा आहे.”

बत्तीशीवाल्यांनी समुद्रही पाहिला असेल, पण पाहिली मुख्यतः तोंडं. धंद्याची सवय. बेटावरच्या म्हाताऱ्यांचे दात झिजलेले, वेडेवाकडे, मधे फट; आणि तरी माणसं मोकळी हसत होती. त्यावरून त्यांनी एक सिद्धांत काढला. आपल्याकडची कवळी म्हणजे चुना मारलेली भिंत. दात कसा हवा? तर वापरलेला दिसला पाहिजे.

सिद्धांत बॅगेत राहिला असता तर काही बिघडलं नसतं. पण फळीवर एक मेणातली कवळी तयार होती.

ती ताईने लावली होती. ताई अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली होती, त्यांना दादा म्हणायची. प्लास्टर ओतायचं, मेण चढवायचं, घासायचं, सगळं तिच्याकडे. दात लावायचे मात्र त्यांनी, आणि कामाच्या चिठ्ठीवर सही करायची तीही त्यांनीच. ते बेटावर असताना डॉक्टरीणबाईंकडून एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं काम आलं, थांबण्यासारखं नव्हतं. ताईने पहिल्यांदाच अख्खी कवळी एकटीने लावली. ट्रायल झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी आरशात बघितलं आणि एका शब्दात पसंत केली. चिठ्ठीवर ताईने आपली सही केली, आयुष्यातली पहिली. दादा आल्यावर बघतील, काही बोलतील, या आशेवर ती दोन दिवस होती.

दादांनी बघितलं. कवळी उजेडात धरली, नाक मुरडलं आणि म्हणाले, “कंपाउंडची भिंत बांधलीस.”

“दादा, ट्रायल झालीये. बाईंनीच सांगितलंय, दात सरळ हवेत. चिठ्ठीत लिहिलंय.”

“चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनी जग बघितलेलं नसतं.”

“मी तरी कुठे बघितलंय? पण बाईंना बघितलंय.”

ते उत्तराच्या लायकीचं नव्हतं. त्यांनी दिवा पेटवला, मेण मऊ केलं आणि पुढचे सहा दात उपटले. एक जरा फिरवला, एक शेजारच्यावर चढवला, मधे फट ठेवली, कडा घासून झिजवल्या. मग चिठ्ठीवरची सही खोडून आपली केली आणि स्वतःच्या हाताने कवळी पक्की केली. ताई मशीनपाशी पाठ करून उभी होती. दुपारी दादांच्या बायकोने विचारलं, “काय गं, बोलत का नाहीस?” तर म्हणाली, “काय बोलायचं वहिनी? आपलेच दात, आपलेच ओठ.”

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं. कौतुक होणार या खात्रीने ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत बसल्या होत्या. कवळी समोरच्या ट्रेमध्ये होती.

“हे तुम्ही केलंत?” त्यांनी विचारलं. दात नसल्यामुळे शब्द जरा सुटत होते, आवाज मात्र वर्गातलाच होता.

“हो. नैसर्गिक ठेवलंय. मी आत्ताच एका बेटावर—”

“माझे खरे दात अस्सेच होते. एकावर एक. शाळेत मला फावडी म्हणायचे. पुढे मी शिकवायला लागले, तर मुलं पाठीमागे तेच म्हणायची. जन्मभर तोंडावर हात धरून हसले. शेवटी ते पडले, सुटले म्हटलं. आणि तुम्ही तेच परत बसवलेत.”

“पण बेटावरची माणसं अशाच दातांनी—”

“मग बेटावरच विका.”

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरलं, पण फार कष्ट घेतले नाहीत. “ट्रायलची कवळी लावणारा हात कुणाचा होता?” त्यांनी विचारलं.

“आमच्याकडची ताई आहे.”

“मग हे काम तीच करील. तुम्ही पुन्हा हात लावणार असाल तर आत्ताच सांगा, मला दुसरी लॅब बघता येईल.”

बत्तीशीवाल्यांची निम्मी कामं याच दवाखान्यातून यायची. परत येताना त्यांना गल्लीतलं प्रत्येक माणूस बुटात पाय कोंबलेलं, कोत्या नजरेचं दिसत होतं. या लोकांना काही दाखवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ताईपुढे उभं राहून तिला विनवायची वेळ यावी, हाही शहराचाच दोष.

“ते मुख्याध्यापिकेचं परत आलंय,” जबड्यांकडे बघत ते म्हणाले. “पहिल्यासारखं लावून टाक.”

ताईने हात पुसले. “लावते. सही माझी राहील.”

“सहीने काय घास चावता येतो?”

“नाही ना? मग तुम्हाला काय अडचण आहे?”

अडचण सांगता येण्यासारखी नव्हती. “बारीक अक्षरात कर,” ते म्हणाले.

ताईने कवळी नव्याने लावली, आधीच्यापेक्षाही नेटकी. पक्की झाल्यावर बत्तीशीवाले भिंग घेऊन पाऊण तास तिच्यात खोट शोधत बसले. शेवटी म्हणाले, “पॉलिश जरा कमी वाटतंय.” ताईने कवळी त्यांच्या हातातून घेतली, पुन्हा पॉलिश न करताच डबीत ठेवली आणि चिठ्ठीवर सही केली. अक्षर चांगलं ठसठशीत होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडून तीन कामं आली, तिन्ही ताईच्या नावावर. बत्तीशीवाले तेव्हा मेहुण्याशी फोनवर बोलत होते. “दात लावायचं मी आता ताईवर सोपवलंय,” ते त्याला सांगत होते. “बेटावर गेल्यावर कळतं रे, माणसाने किती राबायचं ते.” आतल्या खोलीतून ताईने हाक मारली, “दादा, कालवलेलं प्लास्टर संपलंय. जरा आणखी कालवून देता का?”